हरिश्चंद्राचं देणं, सावकाराचं खत

मराठी माणसांनी काढलेल्या मूकपटांत दोन गोष्टी कर्जावर उभ्या आहेत. एक १९१३ सालची, दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची. दुसरी १९२५ सालची, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ची. पहिलीतला कर्जदार अयोध्येचा राजा, दुसरीतला एक साधा शेतकरी. पण देण्यापायी दोघांचंही घर उठतं, दोघेही परक्या गावात परक्याची चाकरी करतात, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांतून पाणी काढायची दोन्हीकडे पुरेपूर सोय आहे. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे पहिल्यावर ‘पौराणिक’ आणि दुसऱ्यावर ‘सामाजिक’ अशी चिठ्ठी लावतात आणि दोघांना वेगवेगळ्या फडताळांत ठेवून देतात.

पालघर, बोईसर, तारापूरकडच्या माणसाने तरी या चिठ्ठ्या काढून दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असं मला फार दिवस वाटत आलं आहे. हे दोन्ही चित्रपट निघाले तेव्हा आपल्या या पट्ट्यात, डहाणू-उंबरगावपासून पालघर-जव्हारपर्यंत, ‘लग्नगडी’ नावाची चाल होती. लग्नाच्या खर्चापायी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवऱ्याने त्याच्या शेतावर राबायचं, बायकोने त्याच्या घरी. फिटायचे कधी, हे सावकार सांगेल तेव्हा. नवरा, बायको आणि मागाहून मूल, तिघंही देण्यापायी दुसऱ्याच्या दारात. हरिश्चंद्र-तारामतीची गोष्ट याहून फार वेगळी नाही. फक्त शेवटी शंकर येतो.

फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे मोखाड्यावरून घाट चढून गेलं की लागतं त्या गावचे. १९११ साली मुंबईत गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, ही हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा पैशाचा भाग कमी सांगितला जातो. १९१२ च्या सुरुवातीला त्यांनी लंडन गाठलं ते विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून. तिथे सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला. परत आल्यावर कुंडीतल्या बीचा वेल कसा वाढतो याचे एकेक फ्रेमने फोटो घेत एक छोटी फिल्म केली. ती दाखवून यशवंतराव नाडकर्णी या छायाचित्रणाच्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून कर्ज मिळवलं. तेही पुरेना, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. पडद्यावर राजा कर्जबाजारी होण्याआधी त्याला पडद्यावर आणणाऱ्याच्या घरातलं किडूकमिडूक गहाण पडलं होतं. फाळक्यांनी पहिल्या चित्रपटासाठी नेमकी हीच गोष्ट का निवडली, याचं उत्तर नाटकवाल्यांची ती आवडती गोष्ट होती हे आहेच. पण ज्याने स्वतः गहाणवट करून पाहिली आहे त्याला हा राजा जरा जवळचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

दादरच्या घरात सगळं कुटुंब कामाला लागलं. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. सिनेमात काम करतो म्हणणं तेव्हा लाजिरवाणं होतं, म्हणून नटांना सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असं सांगा. तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत अण्णा साळुंके नावाचा नाजूक बांध्याचा स्वयंपाकी सापडला. दहा रुपयांवर काम करणारा हा माणूस पंधरा रुपयांवर अयोध्येची राणी झाला. मिशा काढायला नट तयार नव्हते, कारण मिशा उतरवायच्या त्या बाप गेल्यावर. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, विश्वामित्र झाले गजानन साने, आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. मुलगा विकण्याच्या गोष्टीत बापाने स्वतःचा मुलगा उभा केला.

चार रिळांच्या या चित्रपटाची पहिलं आणि शेवटचं अशी दोनच रिळं आज उरली आहेत. तीही १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीतली, यावर जाणकारांत एकमत नाही. पण आहेत ती पाहावीत. पहिल्या रिळात राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो आहे, राणी शेजारी उभी आहे. चौकट अशी की राजा रविवर्म्याचं कॅलेंडर भिंतीवरून उतरून हलू लागलं आहे. पुढे राण्यांची जलक्रीडा येते, आणि ओलेत्या लुगड्यांतले सगळे पुरुषच असल्यामुळे आज पाहणाऱ्याला हसू येतं. मग शिकार. रानात विश्वामित्राचा यज्ञ चालला आहे, त्याने पकडून आणलेल्या तीन शक्ती ज्वाळांतून आक्रोश करत आहेत. राजा धावतो आणि त्यांना सोडवतो. झालं. बायका रडताना ऐकून मदतीला जाणं हाच गुन्हा, आणि त्याची किंमत सारं राज्य. वर दक्षिणा वेगळी.

शेवटच्या रिळात काशीच्या राजपुत्राच्या खुनाचा आळ तारामतीवर आलेला असतो आणि ती तो कबूल करते. शिरच्छेदाचं काम नेमकं हरिश्चंद्राकडे येतं, कारण तो आता डोंबाचा चाकर. तो तलवार उगारतो. इथे फाळक्यांनी घाई केलेली नाही. दाबके तलवार घेऊन उभे राहतात, वर बघतात, पुन्हा तिच्याकडे बघतात. आणि मग हवेतून शंकर प्रकटतो, विश्वामित्र सगळं परत करतो, आणि ती परीक्षा होती असं कळतं. कॅमेरा हलत नाही, मागे पडदा रंगवलेला आहे, हातवारे नाटकातले आहेत. तरी ती उगारलेली तलवार काम करते.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट लागला आणि चालला. मुंबईबाहेर मात्र सगळीकडे तसं नव्हतं. सुरतेत पहिल्या खेळाला गल्ल्यात तीनच रुपये जमले, असा किस्सा सांगतात. सहा-सहा तासांची नाटकं पाहणाऱ्यांना तासाभराच्या खेळाला पैसे टाकणं परवडेना. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली आणि छायाचित्रं किती हजार, फिल्म किती मैल लांब याचे आकडे छापले. गुजराती व्यापाऱ्याला मापात सांगितलं की पटतं, हा फाळक्यांचा हिशेब. मुंबई आणि सुरत जोडणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे पालघर आणि बोईसरवरूनच जात होती, १८६४ पासून. गवत, लाकूड आणि मीठ तिच्यावरून मुंबईला जायचं. फिल्मचे डबे तिच्यावरून सुरतेला गेले असतील तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत लग्नगडी भात लावत होते.

आता कोल्हापूर. बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, हे नाटकांचे पडदे रंगवणारे. भाऊ आनंदराव यांच्यासोबत त्यांनी देशी कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, कॅमेरा बाबूरावांनी पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल हवं होतं, ते गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलं. १९२० साली ‘सैरंध्री’ आला, आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. पडदा रंगवणाऱ्याला कपड्यावर ऊन-सावली हाताने काढायची सवय असते. दिव्याने ती पाडता येते हे कळल्यावर त्याचं काय झालं असेल, ते पुढच्या चित्रपटात दिसलं.

‘सावकारी पाश’ची कथा नारायण हरी आपट्यांची. सावकार खोटे कागद करतो, शेतकऱ्याची जमीन बळकावतो, शेतकरी शहरात जाऊन गिरणीत कामगार होतो. एवढंच. शेतकरी झाला होता शांताराम वणकुद्रे, कंपनीत पडेल ते काम करणारा विशीतला पोरगा. पुढे तो व्ही. शांताराम झाला. ‘सिंहगड’मध्ये त्याला म्हाताऱ्या शेलारमामाची दाढी लावली होती, इथे त्याचा खरा चेहरा लोकांना दिसला. मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. नायट्रेटच्या फिल्मी आपोआप पेट घेतात, नाहीतर कुजून जातात, नाहीतर चांदी काढायला विकल्या जातात. त्या पिढीतले बहुतेक चित्रपट यांतल्याच एका वाटेने गेले. त्यातून वाचलेल्यांपैकीही किती तरी जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत गेले. त्यामुळे ‘सावकारी पाश’ आपल्याकडे आहे तो पाहणाऱ्यांच्या आठवणींत. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना कित्येक वर्षांनंतरही एक दृश्य डोळ्यांसमोर होतं: अंधारात बुडालेली भकास झोपडी, आणि तिच्यापुढे रडणारं कुत्रं.

मूकपटात कुत्रं रडतं म्हणजे काय, हे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. आवाज नाही. मान वर केलेलं कुत्रं आणि मिणमिणता उजेड, बस. दारात कुत्रं रडणं हा आपल्याकडे मृत्यूचा संकेत, तो प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक. त्यामुळे आवाज प्रेक्षकाच्याच कानात उमटायचा. फाळक्यांना जिथे शंकर लागला, तिथे पेंटरांनी कुत्र्यावर भागवलं.

या गोष्टीतला सावकार बाबूरावांनी कुठून आणला हे शोधायला लांब जायला नको. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि त्यांतली खतं, रोखे, दस्त काढून जाळले. पुणे आणि नगरच्या किती तरी गावांत तेच झालं. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, कोर्टाला व्यवहाराच्या मुळाशी जायची मुभा दिली. पन्नास वर्षांनी पेंटरांच्या पडद्यावर आलेला खोटा कागद हा त्याच कागदाचा वंशज होता. आणि शहरातली ती गिरणी? ‘सावकारी पाश’ आला त्याच १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. सरकारने डिसेंबरात कापडावरचा अबकारी कर उठवला तेव्हा कपात मागे घेतली गेली. गावच्या सावकाराकडून सुटलेला माणूस गिरणीच्या फाटकातून कुठे शिरत होता, ते त्या वर्षी वर्तमानपत्रांत रोज छापून येत होतं.

दोन्ही गोष्टींची यंत्रणा एकच आहे, रडवायची. चांगल्या माणसावर संकट, त्यावर आणखी संकट, बायकोचे हाल, मुलाचे हाल, आणि पाहणाऱ्याला सगळं ठाऊक असून काही करता येत नाही. पण कर्जाची नोंद कुठे होते, तिथे दोघांचे रस्ते फुटतात. हरिश्चंद्राचं कर्ज शब्दाचं आहे. कागद नाही, साक्षीदार नाहीत, अंगठा नाही. तो नाकारू शकतो, आणि नाकारत नाही, हीच कथा. त्याची सगळी थोरवी त्याच्या परतफेडीत आहे. विश्वामित्र हा धनको म्हणून बघितला तर भयंकर आहे: मुद्दल घेतो, वर दक्षिणा मागतो, मुदत बांधून देतो, माणसं विकायला लावतो. पण तो ऋषी असल्यामुळे कोणी त्याला सावकार म्हणत नाही. गोष्ट कर्जदाराला सांगते, तू तुझा शब्द पाळ, हिशेब वरचा बघेल.

‘सावकारी पाश’मध्ये शब्दाला किंमत नाही, कागदाला आहे, आणि कागद खोटा आहे. शेतकऱ्याने शब्द पाळला काय आणि मोडला काय, जमीन जाणारच. इथे परीक्षा कोणी घेत नाही, त्यामुळे ती कोणी मागेही घेत नाही.

मूकपटाच्या थिएटरात आणखी एक गोष्ट घडायची. चित्रांच्या मधे मजकुराच्या पाट्या यायच्या, आणि पिटातल्या बहुतेकांना वाचता यायचं नाही. मग कोणी तरी वाचता येणारा मोठ्याने वाचून दाखवायचा. कधी थिएटरने नेमलेला, कधी बाकावरचाच एखादा. तो वाचेल ते खरं. ‘सावकारी पाश’ बघणारा निरक्षर माणूस पडद्यावरचा खोटा कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता, आणि पडद्यावरचा शेतकरीही आपलं खत सावकाराच्याच तोंडून ऐकत आला होता. बाबूरावांच्या मनात हे असेल असं मला म्हणायचं नाही. पण ज्या माणसाने गावात कधी अंगठा उठवला होता त्याला तिकीट काढून अंधारात बसल्यावर हे जाणवलं नसेल, असंही मला वाटत नाही. हरिश्चंद्राची गोष्ट वाचून दाखवायची गरजच नव्हती. ती सगळ्यांना पाठ होती.

टीकाकारांनी ‘सावकारी पाश’ची वाखाणणी केली, लोकांनी पाठ फिरवली. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. प्रेक्षकांना वास्तव पचलं नाही, असा निकाल इतिहासकार देतात. मला तो प्रेक्षकांवर जरा अन्याय वाटतो. १९२७-२८ साली रंगाचारियर समितीने देशभर फिरून पाहिलं तेव्हा दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांतले बहुतांश परदेशी, त्यातही अमेरिकन होते. मारामारी, घोडदौड आणि चुंबनं यांच्या गर्दीत देशी चित्रपटाकडे माणूस जायचा तो देवासाठी नाहीतर शिवाजीसाठी. त्यातून दिवसभर ज्याच्या तगाद्याने जीव नकोसा होतो, त्यालाच रात्री पैसे देऊन बघायला जायचं, हे जरा जास्तच झालं.

आता आपल्याकडे येऊ. वारल्यांचं लग्न तेव्हा स्वस्त नव्हतं. मुलीच्या बापाला देज द्यायचं, सगळ्या पाड्याला भात घालायचा, ताडी-दारू पुरवायची. सवाष्णींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढायचा, त्यात पालघाट देवी उभी करायची, धवलेरीने गाणी म्हणून लग्न लावायचं. चौकाला पीठ मूठभर लागतं. खर्च व्हायचा तो जेवणावळीचा आणि दारूचा. पुष्कळ जोडपी तशीच संसार थाटायची आणि पैसा जमला की वर्षांनी लग्न लावायची, कधी कधी पोरांच्या लग्नाबरोबर. ज्यांना थांबता यायचं नाही ते सावकाराकडे जायचे. पावसाळ्यात खावटी म्हणून भात घ्यायचं, सुगीला दिढीने परत करायचं, हे तर होतंच. लग्नाचं देणं मात्र दाण्यांनी फिटत नसे, ते माणसांनी फेडायचं. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३८ च्या सुमारास आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला, त्यात या वेठबिगारीची नोंद आहे. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तर ती पानापानांवर आहे. नवरा शेतावर, बायको सावकाराच्या गोठ्यात आणि घरात, आणि तिच्यावर मालकाचा हक्क.

इथे बहुतेक वेळा खोट्या कागदाचीही गरज पडत नव्हती. वारली हरिश्चंद्राच्या जातीचा माणूस. घेतलं म्हणजे द्यायचं, यापलीकडे त्याला पुरावा लागत नसे. सावकाराची वही होती, ती त्याने भरली काय आणि कोरी ठेवली काय, सारखंच. देशावरच्या शेतकऱ्याला फसवायला कागद लागला. आमच्याकडच्या सावकाराने फक्त समोरच्याच्या शब्दावर भरवसा ठेवला. पेंटरांच्या सावकारापेक्षा तो हुशार होता, आणि विश्वामित्राच्या जास्त जवळचा. परत द्यायची वेळ मात्र त्याच्यावर कधी आली नाही.

मूकपट संपले, बोलपट आले, तेव्हा या दोन गोष्टींनी माणसं बदलून घेतली. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर ही मंडळी १९२९ साली बाबूरावांना सोडून बाहेर पडली आणि त्यांनी प्रभात काढली. १९३२ च्या फेब्रुवारीत प्रभातचा पहिला मराठी बोलपट आला, तो ‘अयोध्येचा राजा’. म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच. गोविंदराव टेंबे राजा, दुर्गाबाई खोटे तारामती. दिग्दर्शक तोच शांताराम, सात वर्षांपूर्वी खोट्या खतापायी गाव सोडून गिरणीत गेलेला. साळुंक्यांच्या जागी दुर्गाबाई आल्याने तारामतीला चेहराही आला आणि आवाजही, पण गोष्टीचं कुलूप तेच राहिलं. उलट बाबूरावांनी १९३६ साली ‘सावकारी पाश’ बोलका करून पुन्हा आणला. एकदा आपटूनही ज्याला ती गोष्ट सोडवेना असा तो माणूस. त्याच वर्षी प्रभातच्या दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आला आणि तुफान चालला. त्यातला तुकाराम कर्जदारच, पण त्याच्याही मदतीला विठोबा येतो, घरापुढे धान्याची रास पडते. आपट्यांना मात्र लोकांनी उशिरा का होईना दाद दिली: त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वर शांतारामांनी १९३७ साली ‘कुंकू’ केला.

आपल्याकडे या गोष्टीचा जो शेवट झाला तो दोन्ही चित्रपटांत नव्हता. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात किसान सभेची परिषद भरली, हजारो वारली चालत आले. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही, आणि लग्नगडी म्हणून राहायचं नाही, असं ठरलं. सुप्याला कागद जाळले होते. झरीला जाळायला कागद नव्हते, म्हणून लोकांनी शब्दच परत घेतला. पुढच्या आठवड्यांत लाल बावटा घेऊन माणसं एकेका सावकाराच्या वाड्यावर गेली आणि लग्नगड्यांना घेऊन बाहेर आली. हरिश्चंद्राने जे केलं नाही ते त्यांनी केलं. त्याच साली १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. पुढे १९६० साली राज्यं झाली तेव्हा उंबरगाव गुजरातकडे गेलं, आणि १९८७ साली रामानंद सागरांची ‘रामायण’ मालिका त्याच उंबरगावच्या स्टुडिओत चित्रित होऊन देशभर गेली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, हे आमच्या पिढीने पाहिलं आहे. अयोध्येचा राजा पुन्हा जिंकला, आणि तोही झरीच्या उंबरठ्यावर.

कायद्याने वेठबिगार १९७६ साली बंद झाली. विधायक संसद ही संस्था आणि श्रमजीवी संघटना यांनी त्यानंतरही, ऐंशीच्या दशकात, वसई-भिवंडीच्या बाजूने वेठबिगार सोडवले. आज बोईसरच्या एमआयडीसीत जव्हार-विक्रमगडची पोरं रोजंदारीवर येतात, तो ‘सावकारी पाश’चा दुसरा अर्धा भाग आहे, आणि त्यातल्या काहींचं खरंच बरं चाललं आहे. वीटभट्टीचं तसं नाही. पाऊस संपला की मुकादम पाड्यावर येतो, उचल देतो, आणि जोडपं पोरांसह सहा-सात महिने वसई-भिवंडीकडच्या भट्टीवर. हिशेब मालकाच्या डायरीत. उचल लग्नासाठी घेतली होती की आजारपणासाठी, याने फरक पडत नाही. हंगाम संपला आणि ती फिटली नाही, तर पुढच्या दिवाळीनंतर त्याच भट्टीवर जायचं असतं. आणि बहुतेक जण जातात, कारण पैसे घेतलेले असतात.